पशुवैद्यांची डोंगरातली शाळा : अभ्यास किती, सहल किती?

अमेरिकेत पशुवैद्यांसाठी उन्हाळ्यात जे अभ्यासक्रम निघतात, त्यांतल्या काहींची माहितीपत्रकं वाचायला मोठी गमतीची असतात. एका पानावर कुत्र्यांचे मूत्रपिंडाचे विकार, गायींचं लंगडणं, घोड्यांची पोटदुखी. पान उलटलं की पाइनचं जंगल, तळं, घोड्यावरून रपेट आणि मुलांसाठी वेगळा कार्यक्रम. वेळापत्रक बहुतेक ठिकाणी सारखंच. सकाळी आठच्या सुमारास सुरुवात, जेवणाच्या वेळेला समाप्ती, दुपार मोकळी. चार-पाच दिवसांत पंधरा-वीस तासांच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र हातात पडतं आणि घरच्यांची सुट्टीही होते.

हे ऐकल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "म्हणजे सहलच की, अभ्यास नावाला!" असेलही. पण "असेलही" म्हणून सोडून दिलं तर संशोधनात आपलं काही खरं नाही. डोंगरात नेऊन शिकवल्याने शिकणं वाढतं, कमी होतं, की काहीच फरक पडत नाही, हा सरळ तपासता येण्यासारखा प्रश्न आहे. शिवाय तो तुमच्याही कामाचा आहे. पीएचडीला लागलात की समर स्कूल, कार्यशाळा, परिषदा यांची आमंत्रणं येतात, त्यांतली बरीच थंड हवेच्या ठिकाणची असतात, आणि कुठे जायचं हे ठरवताना आपल्याकडे निकष नसतो. गाइडला विचारलं तर ते म्हणतात "जाऊन ये", घरचे म्हणतात "फिरायलाच चाललीस ना!"

मी पशुवैद्य नाही. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून आता शरीरक्रियाशास्त्राच्या अंगाने पीएचडी करते आहे. या विषयाकडे वळले ती एका आजारामुळे, त्याच्याकडे पुढे येतेच.

आधी हे तासांचं प्रकरण काय आहे ते बघू. पदवी मिळाली, नोंदणी झाली की पशुवैद्याचं शिक्षण संपलं असं बऱ्याच देशांत मानत नाहीत. परवाना चालू ठेवायचा तर दर काही वर्षांनी ठरावीक तास शिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. याला कंटिन्यूइंग एज्युकेशन म्हणतात, बोलताना नुसतं "सीई". अमेरिकेत प्रत्येक राज्याचा हिशोब वेगळा. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ३६ तास, कोलोरॅडोत दोन वर्षांत ३२, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ४५. ब्रिटनमध्ये वर्षाला ३५ तास. कोणता अभ्यासक्रम धरायचा आणि कोणता नाही याची तपासणी करण्यासाठी अमेरिकेतल्या राज्य मंडळांच्या संघटनेची "रेस" नावाची मान्यतापद्धत आहे. ती विषय, शिकवणारा आणि तास बघते. तुम्ही ते तास शहरातल्या हॉटेलच्या तळघरात बसून भरलेत की डोंगरात, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता जोडीला करांचा नियम. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या अमेरिकी पशुवैद्याला देशांतर्गत प्रवास मुख्यतः व्यवसायासाठी होता असं दाखवता आलं, तर जाण्यायेण्याचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. जेवणाचा निम्माच. बायको-मुलांचा, किंवा नवरा-मुलांचा, अजिबात नाही. "मुख्यतः" हे ठरवताना कामात किती वेळ गेला आणि मौजेत किती, हे बघतात. म्हणूनच ही वेळापत्रकं इतकी काटेकोर छापलेली असतात. जहाजावर भरणाऱ्या परिषदांसाठी तर कायद्यात वेगळं कलम आहे : वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, जहाज अमेरिकेत नोंदलेलं हवं, आणि विवरणपत्रासोबत लेखी निवेदनं जोडायची. सरकारला कधीतरी संशय आल्याशिवाय असं कलम लिहिलं जात नाही, एवढं आपण समजून घ्यावं!

म्हणजे तास भरायचेच आहेत, खर्चाचा काही भाग वजा होतो आणि उन्हाळ्यात मुलांना सुट्टी असते. डोंगरातला अभ्यासक्रम या तिन्हींच्या बेरजेतून जन्माला येतो. शिकण्याच्या शास्त्राचा यात अजून कुठे संबंध आलेला नाही. तो येतो का, हे आता बघायचं.

डोंगरात जाऊन विज्ञान करण्याची परंपरा मात्र या कर-हिशोबापेक्षा जुनी आहे, आणि तिची एक शाखा थेट पुण्यातून निघते. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून झाली. बुळकांडीसारख्या भयंकर सांसर्गिक रोगांवर काम करायचं होतं. गजबजलेल्या भागात असे जंतू हाताळणं धोक्याचं, आणि त्या काळात थंड हवा ही प्रयोगशाळेची मोठी गरज होती. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवली गेली, सुमारे २,३०० मीटर उंचीवर. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. पुढे १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा वाढवून त्याची लस तिथेच तयार केली. २०११ मध्ये बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, त्या लांबलचक कथेतलं एक प्रकरण त्या डोंगरावर लिहिलेलं आहे. मुक्तेश्वरला जागा कामासाठी निवडली होती. तिथून हिमशिखरं दिसतात हा नंतरचा फायदा.

दुसरी शाखा गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेसची. १९३१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नील गॉर्डन या रसायनशास्त्रज्ञाने उन्हाळी चर्चासत्रं सुरू केली. १९४७ मध्ये ती न्यू हॅम्पशायरच्या डोंगराळ भागातल्या छोट्या कॉलेजांत नेली, कारण उन्हाळ्यात तिथली वसतिगृहं रिकामी असायची. त्यांचा साचा आजही जवळपास तसाच आहे. सकाळी सत्र, रात्री सत्र, दुपार पूर्ण मोकळी. फोटो काढायचे नाहीत, रेकॉर्डिंग करायचं नाही, तिथे ऐकलेलं बाहेर उद्धृत करायचं नाही. आपले अर्धवट निकाल, फसलेले प्रयोग लोकांनी मोकळेपणाने सांगावेत म्हणून हे नियम. मोकळ्या दुपारी तळ्यावर, पायवाटेवर, टेबल टेनिसच्या टेबलाशी जे बोलणं होतं, त्यासाठीच तर ही गैरसोयीची जागा निवडलेली असते. गावात दुसरं काही नसल्याने माणसं पळून जात नाहीत, हाही त्यातला भाग.

आता पशुवैद्यांच्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक याच्याशेजारी ठेवा. दोन्हीकडे दुपार मोकळी. पण गॉर्डनमध्ये रात्री साडेसातला सगळे पुन्हा एकत्र येतात, आणि दुपारी कोणाबरोबर फिरलात त्याचे प्रश्न रात्रीच्या सत्रात उतरतात. सीईमध्ये साडेबारानंतर जो तो आपापल्या कुटुंबासह पांगतो. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत फरक कुठे आहे तो शोधायचा असेल, तर मोकळा वेळ किती आहे हे मोजून भागत नाही. तो वेळ कोणाबरोबर जातो हे बघावं लागतं.

बरं, पण अशा सभा-अभ्यासक्रमांनी मुळात काही बदलतं का? पशुवैद्यांवर याचे चांगले प्रयोग फार थोडे आहेत. माणसांच्या डॉक्टरांवर आणि इतर आरोग्यसेवकांवर बरेच झाले आहेत, तेव्हा त्यांचा आधार घेऊ. २००९ मध्ये फोर्सेटलुंड आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन संस्थेसाठी ८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत ११,००० हून अधिक आरोग्यसेवक होते. शैक्षणिक सभांमुळे अपेक्षित पद्धतीने काम करण्याचं प्रमाण वाढलं, पण वाढीचा मध्यक होता सुमारे ६ टक्के. म्हणजे समजा शंभर रुग्णांपैकी पन्नास जणांना योग्य उपचार मिळत असतील, तर सभेनंतर छप्पन्नांना. लहान परिणाम, पण शून्य नाही.

आपल्यासाठी खरी रंजक माहिती या आढाव्याच्या आतल्या तपशिलात आहे. नुसतं व्याख्यान किंवा नुसती चर्चा यापेक्षा दोन्हींचं मिश्रण असलेल्या सभांचा परिणाम जास्त दिसला. जिथे हजेरी जास्त, तिथे परिणाम जास्त. आणि गुंतागुंतीच्या सवयी बदलायच्या असतील तिथे परिणाम कमी. हजेरीचा मुद्दा वाचून मला हसू आलं, कारण डोंगरातल्या अभ्यासक्रमाची सगळी गोम त्यात आहे. खिडकीबाहेर लखलखीत ऊन पडलेलं असताना अकराच्या व्याख्यानाला किती जण बसतात? एकदा सकाळी सही केली की तास मोजले जात असतील, तर प्रमाणपत्रावरचे तास आणि डोक्यात गेलेले तास यांत तफावत पडणार. ज्या अभ्यासक्रमांत प्रत्येक सत्रानंतर वेगळी हजेरी घेतात, त्यांच्याबद्दल माझं मत म्हणूनच जरा बरं आहे.

आता उंचीकडे येऊ, कारण डोंगर नुसता पडद्यासारखा मागे उभा राहत नाही, तो अंगातही शिरतो. कोलोरॅडोतलं व्हेल हे प्रसिद्ध ठिकाण सुमारे २,५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, महाबळेश्वर त्याहून खाली. महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या वर आणखी साडेआठशे मीटर चढून तिथे तुम्ही व्याख्यान ऐकत असता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण तीन चतुर्थांश राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. होनिगमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोलोरॅडोच्या अशाच रिसॉर्टमध्ये आलेल्या ३,१५८ प्रौढ प्रवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. उंची सुमारे १,९०० ते २,९०० मीटर. त्यांच्यापैकी २५ टक्के लोकांना माउंटन सिकनेसची लक्षणं जाणवली : डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं. ज्यांना त्रास झाला त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना तो पोहोचल्यापासून पहिल्या बारा तासांत सुरू झाला.

हा नमुना सोयीनुसार घेतलेला होता, म्हणजे जे सापडले आणि तयार झाले त्यांना विचारलं. त्यामुळे २५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण अर्थ स्पष्ट आहे. आदल्या संध्याकाळी विमानाने डेन्व्हरला उतरून, गाडीने वर येऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भूलशास्त्राचं सगळ्यांत अवघड व्याख्यान ठेवणं हा वेडेपणा आहे. खोलीतल्या चौघांपैकी एकाचं डोकं दुखत असण्याची शक्यता आहे. पहिली सकाळ हलकी ठेवणारा संयोजक तुम्हाला दिसला, तर त्याला डोंगर कळलेला आहे असं खुशाल समजा.

आणि आता तो आजार. मला या सगळ्यात सर्वांत जास्त रस यात आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

कोलोरॅडोच्या उंच कुरणांवर नेलेल्या गायी-बैलांपैकी काही जनावरं सुस्त होतात, चरायला मागे राहतात, आणि हळूहळू त्यांच्या पुढच्या दोन पायांमधला छातीचा भाग सुजून लोंबायला लागतो. या भागाला इंग्रजीत ब्रिस्केट म्हणतात, म्हणून आजाराचं नाव ब्रिस्केट डिसीज. १९१५ मध्ये ग्लोव्हर आणि न्यूसम यांनी कोलोरॅडोच्या कृषी संशोधन केंद्रातून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. सूज छातीवर दिसते, पण बिघाड फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत सुरू होतो.

फुप्फुसाला एक शहाणी सवय असते. त्याच्या एखाद्या कोपऱ्यात हवा कमी पोहोचली, तर तिथल्या बारीक धमन्या आकसतात आणि रक्त चांगली हवा असलेल्या भागाकडे वळतं. एक कोपरा असेल तोवर हे उत्तम. पण उंचीवर सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी असतो, मग सगळीकडच्या धमन्या एकदम आकसतात. रक्ताला वळायला जागाच नाही. दाब वाढतो. गायीच्या या धमन्यांच्या भिंतींत स्नायूंचा थर मुळातच जाड असतो, त्यामुळे तिचा दाब इतर बऱ्याच प्राण्यांपेक्षा जास्त चढतो. हृदयाच्या उजव्या कप्प्याला या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. तो आधी जाड होतो, मग फुगतो, मग थकतो. मागे रक्त तुंबतं, पाणी ऊतींमध्ये झिरपतं आणि खाली लोंबणाऱ्या छातीत साचतं. सूज दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. जनावर खाली उतरवणं हा पहिला उपाय.

सगळ्याच गायींना हे होत नाही, आणि ही प्रवृत्ती बरीचशी आनुवंशिक आहे. म्हणून तिथले पशुपालक पैदाशीच्या वळूची पीएपी चाचणी करून घेतात, म्हणजे फुप्फुसधमनीतला दाब मोजतात. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पशुवैद्यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं वापरून बसवली आहे. वळूला खोड्यात उभं करायचं, मानेतल्या शिरेतून बारीक नळी आत सरकवायची. ती हृदयाच्या उजव्या अलिंदात, तिथून निलयात, तिथून फुप्फुसधमनीत जाते. पडद्यावरच्या लाटेचा आकार बदलतो त्यावरून नळीचं टोक कुठे पोहोचलं हे ओळखायचं. आकडा साधारण ४१ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असेल तर ठीक, ४९च्या वर गेला तर हा वळू उंचावरच्या कळपासाठी नको. चाचणी उंचावरच करावी लागते, कारण सपाटीवर धमन्या आकसतच नाहीत, मग आकडा खोटा दिलासा देतो.

आता विचार करा, नेब्रास्काच्या सपाट प्रदेशातला पशुवैद्य सुट्टीला म्हणून कोलोरॅडोत आला आहे. त्याला स्लाइडवर ही लाट दाखवता येईल. पण एका दुपारी जवळच्या रँचवर नेलं आणि खोड्याशेजारी उभं करून नळी आत जाताना लाट बदलताना दाखवली, तर? ही गोष्ट शहरातल्या हॉटेलात करता येत नाही. आदल्या रात्री त्याचं स्वतःचं डोकं दुखलेलं असेल तर उंचीवरच्या ऑक्सिजनचा अर्थ त्याला अधिकच नीट कळेल! (माउंटन सिकनेस आणि ब्रिस्केटची यंत्रणा एकच नाही, मूळ कारण मात्र तेच, ऑक्सिजनची कमतरता.) आणि हे ज्ञान त्याला घरीही उपयोगी पडतं, कारण मांसासाठी भरपूर खाऊ घालून पोसलेल्या जनावरांत कमी उंचीवरही अशाच प्रकारचं हृदय निकामी होणं दिसू लागलं आहे.

यात आपलाही वाटा आहे. १९८६ मध्ये आनंद आणि सहकाऱ्यांनी लडाखमध्ये याक, गायी आणि त्यांच्या संकरित जनावरांच्या फुप्फुसांतला रक्तदाब मोजून प्रसिद्ध केला. हजारो वर्षं उंचावर राहिलेल्या याकमध्ये धमन्या आकसण्याची ही सवय जवळजवळ नाहीशी झाली आहे. याक आणि गाय यांच्या पहिल्या पिढीच्या संकरातही दाब याकसारखाच कमी दिसला, आणि त्या संकराचा पुन्हा बैलाशी संकर केल्यावर संतती काही याकसारखी, काही गायीसारखी निघाली. मेंडेल शिकवताना वाटाण्याऐवजी हे उदाहरण का देत नाहीत, असं मला नेहमी वाटतं.

तर जागा शिकवू शकते, पण तिला वेळापत्रकात घेतलं तरच. पाइनच्या जंगलात बसून मांजरांच्या दातांवरचं व्याख्यान ऐकणं आणि तेच डेन्व्हर विमानतळाजवळ ऐकणं, यात शिकण्याच्या दृष्टीने फरक असायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

सुट्टीची बाजू मात्र मी हलक्यात घेणार नाही. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळात मृत्यू पावलेल्या पशुवैद्यांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. एकूण मृत्यूंमध्ये आत्महत्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यांत २.१ पट आणि स्त्रियांत ३.५ पट होतं. कामाचे लांब तास, कर्ज, दयामरणाचा रोजचा निर्णय अशी अनेक कारणं मांडली जातात. अशा व्यवसायातल्या माणसाला वर्षातून एकदा पोरांबरोबर तळ्याकाठी बसायला मिळत असेल, तर त्याला नाक मुरडणारे आपण कोण? पण इथेही पुरावा बघावा लागतो. डी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सुट्टीवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सुट्टीत माणसाला बरं वाटतं आणि कामावर परतल्यावर हा फायदा लवकरच ओसरतो, असं त्यात दिसलं. आणि अर्धा दिवस वर्गात गेलेली सुट्टी पूर्ण सुट्टीइतका आराम देते का, हा तर वेगळाच प्रश्न. एकाच आठवड्याने दोन्ही कामं करावीत अशी अपेक्षा ठेवली, तर दोन्ही अर्धवट राहण्याचाही संभव आहे.

पैसे कोण भरतं, हा यातला सगळ्यांत नाजूक भाग. पशुवैद्य स्वतः भरत असेल तर एक गोष्ट, औषधकंपनी भरत असेल तर दुसरी. ऑर्लोव्स्की आणि वाटेस्का यांचा १९९२चा निबंध यावर आहे आणि तो प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने वाचावा असं मी म्हणेन. दोन कंपन्यांनी एका मोठ्या अमेरिकी रुग्णालयातल्या डॉक्टरांना सर्व खर्च करून उबदार हवेच्या पर्यटनस्थळी चर्चासत्राला नेलं. लेखकांनी त्या रुग्णालयात ती दोन औषधं आधी आणि नंतर किती वापरली गेली ते मोजलं. एकाचा सरासरी वापर ८१ एककांवरून २७२ वर गेला, दुसऱ्याचा ३४ वरून ८७ वर. आणि जाण्यापूर्वी विचारलं तेव्हा बहुतेक डॉक्टर म्हणाले होते की अशा सहलीचा आपल्या लिहून देण्यावर काही परिणाम होणार नाही. तिथे समुद्रकिनारा असेल, इथे डोंगर. आमंत्रणपत्रावर सगळ्यात खाली बारीक अक्षरात कोणाची नावं आहेत ते आधी वाचायचं, हे यातून घ्या.

त्या डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि रुग्णालयाच्या नोंदी यांत जी दरी होती, तीच आपल्या मूळ प्रश्नाच्या मध्यावर आहे. अभ्यासक्रम संपला की अभिप्रायाचा फॉर्म देतात आणि तो नेहमी छान भरलेला असतो. हवा छान, जेवण छान, शिकवणं छान. २००६ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मूल्यमापन आणि बाहेरून केलेलं मूल्यमापन यांच्या २० तुलना गोळा केल्या. त्यांतल्या १३ मध्ये दोन्हींचा संबंध नगण्य, शून्य किंवा उलटा निघाला. तेव्हा फॉर्मवरचे पाच तारे हे हवेला दिलेले असू शकतात.

मग हा अभ्यास नीट करायचा कसा? जे डोंगरात जातात त्यांची आणि जे जात नाहीत त्यांची तुलना करून चालणार नाही. जाणाऱ्यांकडे पैसे असतात, दवाखाना सांभाळणारा सहकारी असतो, कदाचित उत्साहही जास्त असतो. फरक दिसला तरी तो डोंगराचा की या सगळ्याचा, हे कळणार नाही. मला सुचणारी वाट अशी. समजा जागा चाळीस आणि अर्ज शंभर. निवड चिठ्ठ्या टाकून करा. नाव निघालं ते डोंगरात, बाकीच्यांपैकी चाळीस जणांना त्याच शिक्षकांकडून तोच अभ्यासक्रम शहरात. नाव निघूनही जे आले नाहीत त्यांना डोंगराच्याच गटात मोजायचं, नाहीतर चिठ्ठीचा उपयोग संपला. एकाच दवाखान्यातले दोघे वेगवेगळ्या गटांत पडले तर ते एकमेकांना सांगणारच, म्हणून चिठ्ठी माणसाच्या नाही, दवाखान्याच्या नावाने टाकायची.

मोजायचं काय? परीक्षेचे गुण सोपे, पण अपुरे. लंगडणाऱ्या गायींवरचा अभ्यासक्रम असेल तर दवाखान्याच्या नोंदींतून बघायचं, की अशा किती गायींना वेदनाशामक दिलं गेलं. आधीचे सहा महिने, नंतर एक महिना, नंतर सहा महिने. कोण कुठे गेला होता हे पशुवैद्यापासून लपवता येत नाही, पण नोंदी वाचणाऱ्यापासून लपवता येतं. आणि संख्येचा हिशोब आधीच करा. सहा टक्क्यांच्या आसपासचा परिणाम पकडायचा तर चाळीस-चाळीस जण फार थोडे आहेत, अनेक वर्षांच्या तुकड्या जोडाव्या लागतील.

आपल्याकडे आयसीएआर म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषद प्राध्यापक-संशोधकांसाठी २१ दिवसांच्या उन्हाळी आणि हिवाळी शाळा घेत आली आहे, आणि पशुवैद्यकातल्या शाळाही त्यात असतात. तुम्ही अशा ठिकाणी, किंवा परदेशातल्या एखाद्या डोंगरातल्या समर स्कूलला अर्ज करणार असाल तर वेळापत्रक मागवून घ्या. पहिल्या सकाळी काय ठेवलं आहे, रात्री सत्र आहे का, हजेरी सत्रागणिक आहे का, खर्च कोणाचा, हे बघा. मला त्यात पहिल्यांदा शोधायची असते ती एक ओळ : कोणत्या दुपारी गाडी कोणत्या गोठ्यावर, कुरणावर किंवा प्रयोगशाळेत जाणार आहे. ती ओळ नसेल तर संयोजकांना मेल करून विचारायला हरकत नाही. उत्तर बहुतेक वेळा दोन दिवसांत येतं.